वाढत्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची असेल तर

पुणे शहराच्या कडेने मुळशी, हवेली, मावळ आणि खेड या तालुक्यांत अशी कितीतरी गावे आहेत, जिथे पंधरा-वीस वर्षांपूर्वी भातखाचरे आणि उसाचे फड होते आणि आज बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत, पण कारभार अजून ग्रामपंचायतीचाच आहे. अशाच एका गावात मी ग्रामपंचायतीची निवडणूक दोनदा लढवली. पहिल्या वेळी पडलो आणि दुसऱ्या वेळी निवडून आलो. पहिल्या वेळी माझी सगळी ताकद शेवटच्या दहा दिवसांच्या प्रचारात गेली, तर दुसऱ्या वेळी ती आधीच्या दोन वर्षांत मतदार यादी, ग्रामसभा आणि कागदपत्रे यांवर खर्च झाली. वाढत्या गावातली निवडणूक कार्यक्रम जाहीर होण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते, हे मला पडल्यावर कळले. जे प्रथमच उभे राहणार आहेत त्यांना ते आधी कळावे, म्हणून हा लेख लिहीत आहे.

सुरुवात ग्रामसभेपासून

उमेदवारीचा विचार मनात आला की बहुतेक जण आधी पॅनेलप्रमुखाच्या घरी जातात. माझा आग्रह असा की त्याआधी किमान चार ग्रामसभांना जावे. कायद्याप्रमाणे वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि त्या सहसा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती गणपूर्तीसाठी पुरते. दहा हजार मतदारांच्या गावातही शंभर माणसांनी कोरम पूर्ण होतो, याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा: सोसायटीतील वीस जण तयारीने येऊन बसले, तरी सभेचा सूर बदलू शकतो.

ग्रामसभेत जाऊन पहिल्याच दिवशी भाषण करू नये. गावाचा अर्थसंकल्प, मागील सभेचे इतिवृत्त आणि गावाचा विकास आराखडा ही तीन कागदपत्रे मागून घ्यावीत, घरी नेऊन वाचावीत आणि पुढच्या सभेत त्यांतील एकच नेमका प्रश्न विचारावा. महाराष्ट्रात ‘आमचा गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली ग्रामपंचायत आपला आराखडा तयार करते आणि त्यातील कामे व खर्च ई-ग्रामस्वराज या शासकीय संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधील ठेवलेली होती. ती आपल्या गावात कोणत्या कामावर पडली, एवढे जरी आपण शोधून काढले, तरी गावातील निम्म्या इच्छुकांपेक्षा आपली तयारी पुढे गेलेली असते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी, म्हणजे 2024 पर्यंत ज्यांना आपण ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी म्हणत होतो त्यांच्याशी, सौजन्याने वागावे. गावाचे दप्तर त्यांच्या ताब्यात असते आणि पुढे लागणारे बहुतेक दाखले त्यांच्याच सहीने मिळतात.

जागा किती आणि आपली कोणती

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 नुसार ग्रामपंचायतीत लोकसंख्येप्रमाणे 7 ते 17 सदस्य असतात आणि गावाचे प्रभाग पाडून प्रत्येक प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य निवडले जातात. 2022 मध्ये केलेल्या बदलानंतर सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो. त्यामुळे मतदाराला आपल्या प्रभागातील जागांइतकी मते आणि शिवाय सरपंचपदाचे एक मत द्यायचे असते. वाढत्या गावाची अडचण अशी की सदस्यसंख्या आणि प्रभागरचना जनगणनेच्या आकड्यांवर ठरते आणि 2011 नंतरच्या जनगणनेचे काम लांबल्यामुळे ते आकडे जुनेच राहिले. ज्या गावाची नोंद 2011 मध्ये चार हजारांची होती आणि जिथे आज त्याच्या तिप्पट माणसे राहतात, तिथेही सदस्यसंख्या चार हजारांच्या हिशेबानेच धरली जाते.

प्रभागरचनेचे प्रारूप प्रसिद्ध झाले की नकाशा हातात घेऊन हद्दीवर प्रत्यक्ष चालत जावे. ओढा, रस्ता, गट नंबर यांवरून हद्द लिहिलेली असते आणि नव्या इमारतीचा गट नंबर कोणत्या बाजूला पडतो यावरून पाचशे मते इकडची तिकडे होऊ शकतात. हरकत घ्यायची ती त्याच मुदतीत आणि लेखी घ्यावी. नंतर कितीही बोलले तरी उपयोग होत नाही.

आरक्षणाची सोडत निघाल्यावर अनेकांचे बेत कोलमडतात. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात, शिवाय अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि नागरिकांचा मागास प्रवर्ग यांच्या जागा वेगळ्या. आपला प्रभाग महिला राखीव झाला म्हणून पत्नीला किंवा आईला तिच्या इच्छेविरुद्ध उभे करणे, आणि निवडून आल्यावर आपणच मासिक सभेत जाऊन बसणे, हे मला मनापासून नापसंत आहे. त्याऐवजी त्याच प्रभागात बचत गट चालवणारी, पाण्याच्या प्रश्नावर आधीपासून धडपडणारी एखादी बाई असते; तिच्या पाठीशी उभे राहावे आणि स्वतः दुसऱ्या प्रभागाचा विचार करावा. कायद्याने तशी मोकळीक आहे: उमेदवाराचे नाव गावाच्या यादीत कोठेही असले तरी चालते, मात्र सूचक त्या प्रभागातील मतदार असावा लागतो.

मतदार यादी: इथेच निवडणूक जिंकली किंवा हरली जाते

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे, कारण पहिल्या वेळी माझा पराभव इथेच झाला. ग्रामपंचायतीसाठी वेगळी मतदार यादी तयार होत नाही. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो, त्या तारखेला अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी घेतो आणि तीच प्रभागांप्रमाणे फोडली जाते. प्रारूप यादीवर हरकती घेता येतात, परंतु त्या लेखनातील चूक, चुकीच्या प्रभागात पडलेले नाव किंवा विधानसभेच्या यादीत असूनही इथे गळलेले नाव अशा मर्यादित स्वरूपाच्या असतात. विधानसभेच्या यादीत ज्याचे नावच नाही, त्याला या टप्प्यावर मतदार करता येत नाही.

पहिल्या निवडणुकीत माझ्याकडे सोसायट्यांतील तीनशे-साडेतीनशे घरांची वही होती. प्रत्येक घरी मी दोनदा गेलो होतो, चहा घेतला होता, आणि ‘आमचे मत तुम्हालाच’ हे शब्द ऐकून घरी परतलो होतो. अंतिम यादी हातात आल्यावर आम्ही पार्किंगमधल्या टेबलावर बसून एकेक नाव ताडून पाहिले, तेव्हा निम्म्याहून अधिक घरांतील नावे लातूर, नांदेड, जळगाव, इंदूर इथल्या मूळ गावच्या यादीत किंवा पिंपरी-चिंचवडमधील जुन्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर निघाली. ती माणसे खोटे बोललेली नव्हती. आपले मत या गावात नाही, याची त्यांनाही कल्पना नव्हती.

म्हणून निवडणुकीच्या निदान वर्षभर आधी हे काम हाती घ्यावे. प्रथमच नाव नोंदवणाऱ्यासाठी नमुना 6 आणि पत्ता बदलणाऱ्यासाठी नमुना 8 भरायचा असतो. वयाची 18 वर्षे पूर्ण झाल्याची अर्हता आता वर्षातून चार तारखांना, म्हणजे 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर रोजी धरली जाते. सोसायटीच्या वार्षिक सभेच्या दिवशी एक टेबल मांडावे, दोन जणांना लॅपटॉप घेऊन बसवावे आणि भाडेकरार, वीजबिल, आधार यांची छायाचित्रे जागेवरच घेऊन अर्ज भरून द्यावेत. बीएलओंना, म्हणजे मतदार यादीचे काम पाहणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना, आधी भेटून आपण काय करत आहोत ते सांगितले, तर पडताळणीच्या वेळी त्यांचीही सोय होते. हे काम करताना कोण कोणाला मत देणार याचा विचार करू नये; नाव सर्वांचेच नोंदवावे. माझ्या विरोधी पॅनेलच्या घरातील दोन मुलांचे नमुना 6 मी स्वतः भरून दिले होते. गावात अशा गोष्टी लोकांच्या लक्षात राहतात.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जो माणूस गावात राहतच नाही, त्याचे नाव मतांसाठी घुसवणे हा गुन्हा आहे. दोन ठिकाणी नाव ठेवणेही कायद्याला मान्य नाही. त्यामुळे नमुना 8 भरताना जुन्या गावचे नाव कमी होणार आहे, हे मतदाराला स्पष्ट सांगावे. काहींना जुन्या गावचे मत सोडवत नाही. त्यांच्यावर जबरदस्ती करू नये.

आपण पात्र आहोत का

वय 21 वर्षे पूर्ण आणि नाव गावाच्या मतदार यादीत, एवढ्याने भागत नाही. 1 जानेवारी 1995 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. 12 सप्टेंबर 2001 नंतर झालेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा अधिक झाली असेल, तर उमेदवार अपात्र ठरतो. घरात शौचालय असून त्याचा नियमित वापर होतो, याचे प्रमाणपत्र लागते. राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते. वैधता हातात नसेल, तर किमान पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र सादर करण्याचे हमीपत्र द्यावे लागते. ती मुदत चुकल्यामुळे निवडून आलेल्या कितीतरी सदस्यांची पदे गेली आहेत, म्हणून समितीकडील अर्ज शक्य तितक्या लवकर मार्गी लावावा.

वाढत्या गावांत तीन गोष्टी विशेष नडतात. पहिली म्हणजे अतिक्रमण. सरकारी जागेवर किंवा गायरानावर अतिक्रमण करणारा अपात्र असतोच. शिवाय कुटुंबातील दुसऱ्या कोणी केलेल्या अतिक्रमणात सदस्य राहत असेल आणि त्याचा लाभ घेत असेल, तरी तो सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. जमिनीला सोन्याचा भाव आलेल्या गावात विरोधक हे बारकाईने शोधतात, तेव्हा ओटा, कुंपण आणि पत्र्याची शेड यांची मोजणी आपणच आधी करून घ्यावी. दुसरी गोष्ट ठेक्याची. अशा गावांत टँकर, जेसीबी आणि डंपर यांचे धंदे अनेकांचे असतात, आणि आपला टँकर ग्रामपंचायतीच्या ठेक्यावर चालत असेल किंवा त्या ठेक्यात आपली भागीदारी असेल, तर उमेदवारी धोक्यात येते.

तिसरी गोष्ट थकबाकीची, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. ग्रामपंचायतीच्या कराचे मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत ते न भरणारा अपात्र ठरतो आणि एकत्र कुटुंबातील थकबाकीही अंगाशी येऊ शकते. छाननीच्या दिवशी आमच्या पॅनेलमधील एका ताईंकडे नव्या फ्लॅटच्या घरपट्टीची पावती प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली होती. समोरच्या बाजूच्या माणसाने गावठाणातील जुन्या घराच्या पाणीपट्टीचे बिल आणि त्याची पोच निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांपुढे ठेवली. घर सासऱ्यांचे, कुटुंब एकत्र, आणि बिल मिळून पाच महिने झालेले. रक्कम अगदी किरकोळ होती. ताईंचे यजमान धावत जाऊन पैसे भरून पावती घेऊन आले, पण तोपर्यंत अर्ज अवैध ठरला होता, आणि दोन वर्षे वस्तीवर घरोघर फिरलेली बाई कोणाशीही न बोलता जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. त्या दिवसापासून मी प्रत्येक इच्छुकाला सांगतो की कुटुंबाच्या नावावर गावात जितक्या मिळकती असतील, त्या सर्वांचा आठ-अ उतारा काढा, प्रत्येकीची घरपट्टी आणि पाणीपट्टी भरा आणि थकबाकी नसल्याचा दाखला तारखेसह घ्या.

अर्ज, छाननी आणि माघार

तहसीलदारांनी निवडणुकीची नोटीस प्रसिद्ध केल्यापासून पुढचे सगळे वेगाने घडते. अर्ज राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचा, त्याची छापील प्रत काढून सही करायची आणि घोषणापत्रे, दाखले व अनामत रकमेसह ठरलेल्या वेळेत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे द्यायची, अशी रीत आहे. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. डिसेंबर 2020 मध्ये राज्यातील 14,234 ग्रामपंचायतींसाठी एकाच वेळी अर्ज भरले जात होते, तेव्हा संकेतस्थळावर इतका ताण आला की आयोगाला शेवटी कागदी अर्ज स्वीकारण्याची मुभा द्यावी लागली. दर वेळी अशी मुभा मिळेलच, असे गृहीत धरू नये. निवडणूक खर्चासाठी बँकेत स्वतंत्र खाते उघडावे लागते. तेही आधीच उघडून ठेवावे.

घोषणापत्रात मालमत्ता, गुन्हे, शिक्षण आणि अपत्ये यांविषयी जे लिहायचे ते खरे लिहावे. कोणताही रकाना मोकळा सोडू नये. लागू नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावे.

माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत गावात जे चालते, त्याची मानसिक तयारी ठेवावी. नातेवाईक येतात, जुने मित्र येतात, ‘गावाची एकी राहू द्या, बिनविरोध करू’ असे सांगितले जाते. सर्वांनी मिळून खरोखर चांगली माणसे निवडली असतील, तर बिनविरोध निवडीत काही वावगे नाही. पण मंदिराच्या वर्गणीच्या नावाने पदाची बोली लागत असेल, तर तिथून उठून यावे. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे समोर आल्यावर आयोगाने तेथील निवडणूक प्रक्रियाच रद्द केली होती.

प्रचार: गावठाण आणि सोसायटी

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षांच्या चिन्हांवर होत नाही. कपबशी, शिट्टी, छत्री, रिक्षा अशा मुक्त चिन्हांतून आपल्याला एक मिळते आणि ते लोकांच्या मनात ठसवायला जेमतेम दहा-बारा दिवस हाती असतात. एका मतदाराला तीन-चार बटणे दाबायची असल्यामुळे, सर्व मते पूर्ण कशी द्यायची हे समजावून सांगणे हाच प्रचाराचा मोठा भाग होतो. नमुना मतपत्रिका घरोघर दाखवताना घाई करू नये, विशेषतः वयस्कर मतदारांसमोर.

वाढत्या गावात दोन गावे नांदत असतात. गावठाणात भावकी, जत्रा, जुने उपकार आणि जुनी भांडणे यांचा हिशेब चालतो. सोसायटीत टँकर, कचरा आणि रस्ता यांचा. मी एका संध्याकाळी गावठाणात आप्पांच्या ओसरीवर बसलो होतो, तेव्हा त्यांनी सरळ विचारले, “हे सगळे सोसायटीवाले पंचायतीत आले, तर आमच्या भैरवनाथाच्या जत्रेचं कोण बघणार रे?” मी म्हणालो, “आप्पा, जत्रेच्या दिवशी पाण्याचा टँकर आणि साफसफाई पंचायतीकडून मिळेल, एवढं मी बघेन, पालखी तुमचीच.” त्याच रात्री साडेनऊला एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका काकूंनी विचारले की आम्ही एवढी घरपट्टी भरतो, ती जाते कुठे. त्यांना मी अर्थसंकल्पाची प्रत दाखवली: दिवाबत्ती, पाणीपुरवठ्याचे वीजबिल, कर्मचाऱ्यांचे पगार, आणि स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीय, महिला-बालकल्याण व दिव्यांग यांच्यासाठी बाजूला ठेवावा लागणारा हिस्सा. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट कामाला आली, ती म्हणजे पंचायतीला काय करता येते आणि काय करता येत नाही याची खरी माहिती.

न जमणाऱ्या गोष्टींचे आश्वासन मुळीच देऊ नये. पुण्याच्या आसपासच्या या पट्ट्यात नव्या इमारतींना परवानगी देणे हे काम 2015 मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएचे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे आहे. वाहतूक पोलीस, महावितरणचा ट्रान्सफॉर्मर आणि राज्य महामार्गावरील खड्डे यांवर सदस्य पाठपुरावा करू शकतो, आदेश देऊ शकत नाही. गाव महापालिकेत जाणार का, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे गेली, आणि त्यांपैकी फुरसुंगी व उरुळी देवाची पुढे वेगळी होऊन त्यांची नगरपरिषद झाली. हे सर्व निर्णय राज्य सरकारचे होते, हे शांतपणे सांगावे. पाण्याबद्दल बोलताना जल जीवन मिशनचा आधार दरडोई दरदिवशी 55 लिटरचा आहे आणि आपल्या गावाची योजना किती लोकसंख्या धरून आखली, हे पाणीपुरवठ्याच्या कागदांवरून आधी पाहून घ्यावे. कचरावेचणी, ओला-सुका वेगळा करणे, अंतर्गत रस्ते, पथदिवे आणि करआकारणीतील चुका दुरुस्त करणे ही कामे मात्र खरोखर पंचायतीच्या हातातली आहेत, आणि लोकांना त्यांचेच आश्वासन हवे असते.

जेवणावळी, पाकिटे आणि साड्या यांच्या मागे लागू नये. ते बेकायदा आहे, आणि पैसे वाटून निवडून आलेला माणूस पहिल्याच ठेक्यात ते वसूल करायला बसतो, हे मी जवळून पाहिले आहे.

मतदान आणि त्यानंतर

मतदानाच्या दिवशी प्रत्येक केंद्रावर यादी नीट वाचता येणारा, शांत डोक्याचा मतदान प्रतिनिधी बसवावा आणि संध्याकाळी यंत्रे मोहोरबंद होईपर्यंत त्याला हलू देऊ नये. मोजणी तालुक्याच्या ठिकाणी होते आणि एकेका प्रभागाचा निकाल काही मिनिटांत लागतो. फरक पाच-दहा मतांचा असेल, तर फेरमोजणीची मागणी तिथेच, लेखी करावी. निवडणुकीच्या वैधतेला आव्हान द्यायचे असेल, तर निकालापासून 15 दिवसांच्या आत न्यायालयात अर्ज करावा लागतो.

निवडून आलो की गुलालात आणि पडलो की निराशेत एक काम हमखास विसरले जाते. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून 30 दिवसांच्या आत सादर करावाच लागतो. जिंकलेल्यांनी, हरलेल्यांनी आणि बिनविरोध आलेल्यांनीही तो द्यायचा असतो. तो न दिल्यास पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवले जाऊ शकते. खर्चाची मर्यादा सदस्यसंख्येनुसार आयोग ठरवतो, ती अर्ज भरतानाच लिहून घ्यावी आणि रिक्षाचे भाडे, पत्रकांची छपाई, चहा-नाश्ता यांची रोजची नोंद रात्री झोपण्यापूर्वी पूर्ण करावी. पहिल्या वेळी पडल्यानंतर मीही तो हिशेब एकोणतिसाव्या दिवशी नेऊन दिला आणि शिक्का मारलेली पोच घेऊन घरी आलो. पाच वर्षांनी दुसऱ्यांदा अर्ज भरला, तेव्हा छाननीत माझ्यावर पहिली हरकत त्याच हिशेबाची आली आणि फाइलमधून ती पोच काढून मला अधिकाऱ्यांपुढे ठेवता आली.